न्यूझीलंडनंतरची ओळ

मृतांचं स्मरण हे जिवंतांचं पहिलं कर्तव्य आहे. चार वर्षांपूर्वी हे वाक्य आमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूमच्या काचेवर लॅमिनेट करून, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवलेलं होतं. त्याच्या खाली त्याच आकाराचा दुसरा कागद होता: बार्बेक्यू झाल्यावर जाळी घासून ठेवावी. दोन्हींची अक्षरं एकाच वळणाची होती, कारण दोन्ही कागद एकाच माणसाचे. मिस्टर लिम, आमच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. त्या दोन कागदांपैकी जाळीचा अजून आहे.

या सप्टेंबरात धूर परत आला आणि हे सगळं पुन्हा नाकातून डोक्यात शिरलं. समुद्रापलीकडे सुमात्रात दलदलीच्या जमिनी पेटवतात, वारा तिकडून इकडे असतो, आणि सकाळी खिडकी उघडावी तर समोरचा ब्लॉक जागेवर नसतो. इथे याला हेझ म्हणतात. पहिल्या दिवशी माझं नाक दरवर्षी फसतं. ऊस तुटून गेल्यावर आमच्याकडे कोल्हापूरच्या बाजूला पाचट पेटवतात, संध्याकाळभर रानं धुमसत राहतात, तोच गोडसर करपट वास. क्षणभर घरी आल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी घसा दुखायला लागतो आणि आपण सिंगापुरात, चोआ चू कांगला नवव्या मजल्यावर आहोत हे नीट आठवतं.

पण पंधरा सालचा धूर वेगळाच होता. तो आला आणि राहिला. हवेतल्या प्रदूषणाचा आकडा दर तासाला जाहीर व्हायचा, आणि इथली म्हातारी माणसं लिफ्टमध्ये “जेवलात का” विचारायच्या ऐवजी “आता किती?” विचारायला लागली होती. भर दुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. मसुराच्या डाळीचा दाणा दिसावा तसा तो दिसायचा, लहान आणि निरुपयोगी. एक दिवस तर सगळ्या शाळा बंद ठेवल्या. या देशात शाळा बंद ठेवणं म्हणजे काय, हे इथल्या आईबापांनाच कळेल. माझी मुलगी ईरा तेव्हा अकरा वर्षांची होती. मास्क लावून ती चौथ्या मजल्यावर पियानो शिकायला जायची आणि मी तिला सोडायच्या निमित्ताने जाऊन बसायचो.

पियानो शिकवायच्या त्या एवा. जन्म इंग्लंडमधला, नवरा इथला चिनी, तो काही वर्षांपूर्वी वारलेला. त्यांच्याकडे त्यांचे वडील राहायचे, वय ब्याण्णव. नाव यानुश. पोलिशमध्ये श्रीयुतांना ‘पान’ म्हणतात, म्हणून आम्ही सगळे त्यांना पान यानुश म्हणायचो. त्यांचं सगळं बघायची सिती, जावाच्या खेड्यातून आलेली तिशीतली बाई. ती त्यांना ‘ओपा’ म्हणायची, आजोबा. आत ईरा तीच ती स्वरावली चुकवत बसायची आणि बाहेरच्या खोलीत पान यानुश, सिती, हवा शुद्ध करायचं घरघरणारं यंत्र आणि मी असे चौघे बसायचो. त्यात सगळ्यांत जास्त बोलायचं ते यंत्र.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, “भारतात कुठे?”

कोल्हापूर म्हटल्यावर परदेशी माणूस साधारण मान हलवतो आणि मुंबईबद्दल बोलायला लागतो. हे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. “वालिवादे,” ते म्हणाले.

वळिवडे! युद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला हजारो पोलिश बायका-मुलांची छावणी होती, हे मी लहानपणी ऐकलं होतं. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले, कापडाची बाजारपेठ झाली, आणि आमच्या घरातल्या यच्चयावत लग्नांचे बस्ते तिथेच बांधले गेले. मी तिथे दहा वेळा तरी साड्यांच्या ढिगाऱ्यासमोर ताटकळत बसलो असेन. जिथे बसलो तिथे कुणाची तरी आई आणि बहीण पत्र्याच्या छपराखाली पाच वर्षं वाट बघत होत्या, हे ब्याण्णव वर्षांच्या माणसाने मला सिंगापुरात सांगितलं.

“माझी बहीण लिहायची,” ते म्हणाले, “तिथला दूधवाला, शिंपी, स्टेशनमास्तर, कुणालाही काही विचारलं की एकच उत्तर. उद्या.” तो शब्द त्यांनी मराठीत उच्चारला, आणि इतका बेमालूम, की मला ओशाळल्यासारखं झालं.

त्यांची कहाणी मी त्या धुराच्या महिन्यात तुकड्या-तुकड्याने ऐकली. त्यांचं गाव पोलंडच्या पूर्वेला. युद्ध सुरू झालं तसे एका बाजूने जर्मन शिरले आणि दुसऱ्या बाजूने रशियन. रशियनांनी यांच्या घरच्यांना मालगाडीत घालून सैबेरियाला नेलं. वडील तिथे गेले. यांची फुफ्फुसंही तिथेच गेली, शरीर तेवढं पुढे आलं. मग जर्मनी रशियावर उलटला, कैद करणारे रातोरात मित्रराष्ट्र झाले, आणि कैद्यांना सैन्यात भरती व्हायची मुभा मिळाली. आई आणि बहीण इराणवरून वळिवड्याला पोचल्या. हे इराक, पॅलेस्टाईन करत इटलीत पोचले, मॉन्ते कासिनो नावाच्या डोंगरापाशी. त्या डोंगरावर आधी इतरांनी हल्ले करून पाहिले होते, त्यांत हिंदी पलटणीही होत्या. शेवटी मे महिन्यात पोलिश सैनिक वर गेले. कसे गेले ते पान यानुश यांनी सांगितलं नाही. खसखशीची फुलं होती एवढं म्हणाले, आणि वास. कसला ते मी विचारलं नाही. युद्धावर मी बरंच वाचलेलं आहे. वाचलेल्या माणसाला इतकं तरी कळायला हवं.

“लोक मला अस्वलाबद्दल विचारतात,” ते एकदा म्हणाले. त्यांच्या सैन्यात एका तुकडीने एक अस्वल पाळलेलं होतं, ते तोफगोळ्यांच्या पेट्या उचलायचं म्हणतात. “अस्वलाचे पुतळे आहेत. युद्ध संपल्यावर त्याला प्राणिसंग्रहालयात जागाही मिळाली. आमची सोय व्हायला जास्त वेळ लागला.”

सोय म्हणजे इंग्लंडमधला एक विटांचा कारखाना. कारण ज्या गावासाठी ते लढले ते गाव मित्रराष्ट्रांनी बसून, नकाशा पसरून, एका मित्रराष्ट्राला देऊन टाकलं होतं. युद्ध संपल्याच्या पुढच्या वर्षी लंडनला विजयाचं मोठं संचलन निघालं. देशोदेशीचे सैनिक चालले. यांची पलटण त्यात नव्हती. रशिया नाराज होईल, असं काहीतरी होतं. पान यानुश रजा काढून ते बघायला गेले.

“कशाला गेलात?” मी विचारलं.

“यादी तपासायला.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “शेजारी एक बाई होती. तिने मला कागदाचा ब्रिटिश झेंडा दिला. म्हणाली, हलव ना. मी हलवला. हात रिकामाच होता.”

मी बँकेत ज्या विभागात काम करतो तिथे दिवसभर माणसांची नावं निरनिराळ्या याद्यांशी ताडून पाहायची असतात. कुणावर बंदी आहे, कुणावर खटला आहे. आमच्या धंद्यात यादीत नाव नसणं यासारखं सुख नाही. त्यामुळे असेल, पण यादीत नाव नसण्याचं दुःख असतं हे मला पन्नाशीला कळलं.

जपान्यांनी इथे शरणागती लिहून दिली तो दिवस सप्टेंबरात येतो. त्या वर्षी त्याला सत्तर वर्षं होत होती, आणि मिस्टर लिम यांनी ठरवलं की कॉन्डोत स्मरणाचा कार्यक्रम करायचा. पोहण्याच्या तलावाकाठी, शाळेच्या बॅंडसकट. जे देश मित्रराष्ट्रांच्या बाजूने लढले त्यांची नावं एकेक करून वाचायची, टेबलावर त्या त्या देशाचा छोटा झेंडा, आणि नाव पुकारलं की एका रहिवाशाने पुढे येऊन झेंड्यासमोर एक ऑर्किड ठेवायचं. नावं वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं इंग्रजी सगळ्यांना समजतं आणि कुणालाच आवडत नाही. म्हणजे तक्रारीला जागा नाही.

मला समारंभ सोसत नाहीत. शाळेत पंधरा ऑगस्टला पाहुण्यांच्या भाषणात उन्हाने मुलं ओळीने चक्कर येऊन पडायची, आणि मास्तर पडलेल्यांकडे देशप्रेम कमी पडल्यासारखं बघायचे. तेव्हापासून माईकसमोर कुणी ‘त्याग’ म्हणालं की मी आधी सावली शोधतो. तरी समितीत बसलो. सिंगापुरात समितीला नाही म्हणणं हे समितीत बसण्यापेक्षा जास्त दगदगीचं आहे.

एवांनी मला जिन्यात गाठलं. ईरा पुढे गेली होती.

“यादी बघितली मी,” त्या म्हणाल्या. “दरवाजावर लावलीये.”

“हो.”

“बाबांना पदक नकोय. पदकं आहेत, बिस्किटांच्या डब्यात आहेत. त्यांना कुणाचं भाषण नकोय. डॉक्टर म्हणतात, ही हवा अशीच राहिली तर नाताळही कठीण आहे. त्यांना फक्त…” त्या थांबल्या. साठीची बाई, बापासाठी काही मागायची सवय नसलेली. “कुणीतरी पोलंडचं नाव मोठ्याने वाचावं आणि बाबा तिथे असावेत. एकदा. बस.”

इतकं लहान मागणं मी बँकेत कधी ऐकलेलं नाही.

समितीत मी विषय काढला. मिस्टर लिम यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “पोलंड? पोलंड इथे लढलं?”

“इथे नाही. इटलीत.”

“दॅट वन युरोप साइड, वॉट.”

“भारताच्या नावाखाली मिस्टर शिर्के फूल ठेवणार आहेत. त्यांचे आजोबाही इटलीतच होते.”

शिर्के म्हणजे आमच्या कॉन्डोतले दुसरे मराठी. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, चुलत आजोबा मराठा पलटणीत. ते माझ्याकडे झुकून मराठीत म्हणाले, “अहो, आमच्या आजोबांना कशाला मध्ये ओढता?”

“ओढत नाही. इटली चालते का, एवढंच विचारतोय.”

“आजोबांचं वेगळं. ते आपले.”

“इटलीत कुठे होते ते?”

“ते घरात कुणाला नक्की ठाऊक नाही,” शिर्के म्हणाले. “पण होते.”

मग मी मॉन्ते कासिनोबद्दल दोन वाक्यं बोललो. चौथ्या मजल्यावर तिथून परत आलेला माणूस बसलाय, हेही सांगितलं. मिस्टर लिम यांनी पेनचं टोपण काढलं. आयुष्यभर मुलांच्या चुका तपासलेला माणूस, त्यांना एखादी गोष्ट पटली की ती आधी त्यांच्या पेनला पटायची. त्यांनी यादीत लिहिलं. इंग्रजी अकारविल्ह्यानुसार न्यूझीलंडनंतर पोलंड, मग सिंगापूर, मग युनायटेड स्टेट्स म्हणून अमेरिका. “कॅन,” ते म्हणाले, म्हणजे चालेल. त्या दिवशी मला ते फार मोठे वाटले.

अडचण झेंड्याची आली. मिस्टर लिम यांनी कुठूनसे छोटे टेबलावरचे झेंडे आणले होते, झालर लावलेले, पितळी काठीचे. त्यात आसपासचे सगळे देश होते, युरोपचे दोन-तीन, पोलंड नव्हता. मागवायला वेळ लागणार होता. इथे मला एक गोष्ट सुचली, आणि सुचली याचा मला तेव्हा आनंदही झाला. पोलंडचा झेंडा वर पांढरा, खाली लाल. इंडोनेशियाचा वर लाल, खाली पांढरा. संचात इंडोनेशियाचा होता आणि यादीत इंडोनेशिया नव्हता. “उलटा करा,” मी म्हणालो. मिस्टर लिम हसले, शिर्के हसले. वाचलेल्या माणसाचा उपयोग झाला. लिम यांनी कापड काठीवरून सोडवलं, फिरवलं, आणि स्टेपलरच्या तीन पिना मारून पोलंड तयार केला.

मग आकडा चढला. तलावाकाठचा कार्यक्रम पुढे गेला. पंधरा दिवसांनी आकडा पुन्हा चढला, तो परत पुढे गेला. बॅंडवाल्या मुलांच्या शाळेने बाहेर फुंकायला मनाई केली. दर वेळी मी चौथ्या मजल्यावर जाऊन सांगायचो. पान यानुश यांचा श्वास आता वाक्याच्या मध्येच संपायचा. ते माझा चेहरा बघायचे आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, “उद्या?” आणि हसायचे. हसण्याचा खोकला व्हायचा, सिती पाठ चोळायची, मला डोळ्यांनी दटावायची. आत ईराचे स्वर चुकत राहायचे.

शेवटी ऑक्टोबर सरता सरता एका शनिवारी सकाळी साडेदहाला, बॅंड रद्द करून, फंक्शन रूमच्या आत ठरलं. कुणीतरी तीन हवा-यंत्रं उसनी आणली. एक प्रमुख पाहुणे येणार होते, आणि पाहुणे येणार म्हटल्यावर साडेदहा म्हणजे साडेदहाच.

पान यानुश यांनी निळा कोट घातला होता. तो त्यांच्यासाठी दोन माणसांचा झाला होता. एवांनी सगळी पदकं काढली, तर त्यांनी एकच लावू दिलं. “बाकीची वाजतात,” म्हणाले. चौथ्या मजल्यावरून लिफ्टने खाली, मग तलावाच्या कडेने पन्नासेक पावलं उघड्या हवेत. सिती उशी आणि पाण्याची बाटली घेऊन जागा धरायला पुढे गेली. मी चाकाची खुर्ची ढकलत होतो, एवा बाजूने चालत होत्या. तलावाचं पाणी राखेने दुधाळ झालेलं. पान यानुश मास्कच्या आत काहीतरी पुटपुटत होते. एवा म्हणाल्या, ते पावलं मोजतायत.

त्या पन्नास पावलांच्या वेळात आत जे झालं ते मला नंतर जोडून घ्यावं लागलं.

सिती खोलीत गेली. टेबलावर झेंड्यांची रांग होती, आणि रांगेत तिच्या देशाचा झेंडा उलटा लावलेला होता. तिथे पोलंड आहे हे तिला कसं कळावं? कुणी पाटी लावली नव्हती. दोन महिने लिफ्टमध्ये, दुकानात, बसस्टॉपवर लोक तिच्या देशाबद्दल काय बोलतात ते तिने खाली मान घालून ऐकलं होतं. घाईत कुणाची तरी चूक झाली असेल असं तिला वाटलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, नखाने पिना उचकटल्या, झेंडा सरळ केला, आणि झालर बोटांनी नीट करून ठेवली. मग ओपांच्या खुर्चीवर उशी ठेवली.

लगेच मागून शिर्के ऑर्किड घेऊन आले. “इंडोनेशिया?” ते मोठ्याने म्हणाले. “दोन महिने यांचा धूर खातोय, आता यांना फूल पण वाहायचं?” खोलीतली माणसं हसली, काही चिडली. एक बाई म्हणाल्या, मुलाला दमा आहे, हे काय चाललंय. शिर्के यांनी समयसूचकतेने झेंडा उचलून खुर्च्यांच्या कपाटात टाकला. ज्या विनोदावर ते स्वतःच हसले होते तो त्यांना त्या क्षणी आठवला नाही. कुणाला काय आठवतं, आणि कधी!

दारात मिस्टर लिम यांनी मला बाजूला घेतलं. “फ्लॅग नो मोअर. लोक नाराज झाले.”

“पण तो पोलंडचा होता.”

“आय नो. पण त्यांनी इंडोनेशिया बघितला. आता परत उलटा ठेवला, तर ते काय बघणार? गेस्ट आलेत. झेंडा नाही, तर फूल कुठे ठेवणार? हे वन स्किप फर्स्ट. शेवटी आभाराच्या भाषणात मी नाव घेतो.”

मी टेबलाकडे पाहिलं. त्यांनी उरलेल्या झेंड्यांमधलं अंतर सारखं करून टाकलं होतं. मध्ये कुणी होतं असं वाटतही नव्हतं. घड्याळात साडेदहाला एक मिनिट कमी होतं. पाहुणे घड्याळाकडे बघत होते.

मी म्हणालो, “कॅन.”

इथे होकार इतका आखूड असतो की तो दिल्याचं नंतर नीट आठवतही नाही. मला मात्र आठवतो.

दोन मिनिटांचं मौन झालं. त्यात यंत्रं घरघरत होती. मग मी वाचायला लागलो. ऑस्ट्रेलिया. एक बाई पुढे आल्या, फूल ठेवलं. ब्रिटन. चीन. भारताला शिर्के ताठ चालत गेले, वळले, आणि खरोखर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाया. नेदरलँड्स. पान यानुश दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते. छापलेली यादी त्यांच्या गुडघ्यावर होती, बोट एकेक ओळ खाली सरकत होतं. मी न्यूझीलंड म्हणालो तेव्हा त्यांनी कागद एवांकडे दिला, खुर्चीच्या हातांवर जोर दिला, आणि उठायला लागले. एवांनी एका बाजूने धरलं, सितीने दुसऱ्या. उठणं फार वेळ चाललं. न्यूझीलंडचं फूल ठेवून माणूस जागेवर गेला तरी चाललं होतं. मग ते उभे राहिले. हात शिवणीला लागलेले, हनुवटी वर.

माझ्यासमोर कागद होता. न्यूझीलंडनंतरची ओळ छापलेली होती. तो शब्द उच्चारायला एक सेकंद लागतो. पुढे तो मी घड्याळ लावून मोजला आहे. त्या सेकंदात मला मिस्टर लिम दिसले, पाहुणे दिसले, समोर ओळीत जागा नसलेलं टेबल दिसलं. फूल हातात घेतलेलं कुणी नाही हे दिसलं. नाव वाचलं तर लोक इकडेतिकडे बघतील, कुजबुजतील, कार्यक्रम अडखळेल. पन्नास वर्षं समारंभांना नाक मुरडत आलो, आणि एक समारंभ अडखळू नये म्हणून मी सिंगापूर म्हणालो.

सिंगापूरचं नाव आलं की सगळ्यांनी उभं राहायचं, असं कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं होतं. सगळे उभे राहिले. पुढची रांग, मागची रांग, बाजूची. आणि उभा राहिलेला एक म्हातारा त्या उभ्या राहिलेल्या माणसांत दिसेनासा झाला.

आभाराच्या भाषणात मिस्टर लिम यांनी पाहुण्यांचे, करी पफ पाठवणाऱ्यांचे आणि हवा-यंत्रं देणाऱ्यांचे आभार मानले. पाहुण्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. पोलंडचं नाव घ्यायला लिम विसरले, मुद्दाम नाही. दोन दिवसांनी ते पान यानुश यांच्याकडे जाऊन माफी मागून आले, एक संत्र्यांची पिशवी घेऊन. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर कागद नव्हता.

मी खुर्चीपाशी गेलो तेव्हा पान यानुश परत बसले होते. एवा माझ्याकडे बघत नव्हत्या. सितीने करी पफचा तुकडा करून त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“उद्या?” ते म्हणाले.

ईरा शेजारी उभी होती. तिने माझी बाही ओढली. “बाबा, यू नेव्हर रीड हिज वन. व्हाय?” मी हातातली यादी घडी घालून खिशात ठेवली.

झेंड्याचं खरं काय झालं ते सितीला त्याच संध्याकाळी कळलं. ती स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि बाहेर येईना. पान यानुश यांनी तिला हाक मारून बोलावलं. एवांनी मला हे सांगितलं, मी तिथे नव्हतो. ते म्हणाले, “सिती, तू बरोबर केलंस. आपला झेंडा उलटा दिसला की सरळ करायचा. मीही तेच केलं असतं.” मग तिला रडू आवरेना म्हणून तिला चहा करायला सांगितला.

मला मात्र त्यांनी माफी मागू दिली नाही. दोन-तीनदा विषय काढला तर हात हलवला. एकदाच बोलले, नोव्हेंबरात. पाऊस सुरू झाला होता, धूर एका रात्रीत धुतला गेला होता, समोरचा ब्लॉक लख्ख दिसत होता. तुटक श्वासाने म्हणाले, “लंडनला मला माहीत होतं, बोलावलेलं नाही. म्हणून मी फुटपाथवर उभा होतो. इथे मी आपणहून उठलो. ती चूक माझी.”

मी म्हणालो, “पुढच्या वर्षी मी स्वतः बघतो.”

पुढच्या वर्षी कार्यक्रम झाला नाही. सत्तरावं वर्ष साजरं होतं, एकाहत्तरावं कुणी साजरं करत नाही. त्या कपाटातून खुर्च्या काढताना कधीतरी तो झेंडा खाली पडला असेल, सफाईवाल्याने उचलला असेल. कुठल्या देशाचा समजून, कोण जाणे.

आणि पान यानुश पुढच्या वर्षाच्या जानेवारीतच गेले. हवा तेव्हा उत्तम होती. आकडा इतका खाली होता की तो बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

त्यांना चोआ चू कांगच्या दफनभूमीत पुरलं. सिती पुढे जावाला परत गेली. एवा अजून पियानो शिकवतात. ईरा आता शिकत नाही. मी त्यांना लिफ्टमध्ये भेटतो आणि आम्ही आकड्याबद्दल बोलतो.

परवा, धूर परत आल्यावर, मी आणि ईरा तिथे गेलो. ती पंधराची आहे, तिने बस शोधली, तिने वाट शोधली. रांगेने दगड, सारख्या अंतरावर. एवांनी लावलेला दगड करडा आहे. वर नाव. खाली: सैनिक, पोलंड. त्याखाली इंग्रजीत: सदैव स्मरणात. कडेला राखेची बारीक साय साचली होती. ईराने ती हाताने पुसली आणि मग हात जीन्सला पुसला.

“वाच ना, बाबा,” ती म्हणाली. “मोठ्याने. इट्स ओन्ली अस, लाह.”

मी मास्क खाली केला आणि वाचलं. नाव वाचलं, सैनिक वाचलं, पोलंड वाचलं. आवाज नीट आला. ऐकायला ईरा होती, आणि दोन ओळी पलीकडे पाइपने पाणी मारणारा एक माणूस, त्याने वर पाहिलं नाही. मग मला खोकला आला आणि आम्ही बस पकडायला निघालो.

इथे जमीन थोडी, म्हणून कबर पंधरा वर्षांसाठी मिळते, त्यानंतर ती उकरतात. पान यानुश यांची अजून अकरा वर्षं आणि चार महिने शिल्लक आहेत.